थायमॉल ठेवल्यावर माश्या दारावर लोंबू लागल्या: ट्रे काढायचा की ठेवायचा?

लश्करकर | २८ सप्टेंबर, रात्री ९.१२

ग्वाल्हेरच्या जरा बाहेर मेलिफेरा (युरोपियन) मधमाश्यांच्या १२ पेट्या आहेत, दहा चौकटींच्या. माश्यांनी भरलेल्या चौकटी प्रत्येकीत ६ ते ८. साबणपाण्यात धुऊन मोजलं, ३०० माश्यांमागे ८ ते १४ व्हरोआ (माश्यांवर जगणारे बारीक कोळीवर्गी परजीवी, म्हणजे माइट) निघाले. म्हणून काल संध्याकाळी प्रत्येक पेटीत चौकटींवर मधोमध थायमॉल (ओव्याचं फूल) जेलचा ५० ग्रॅमचा ट्रे ठेवला. वर मधकक्ष नाही.

आज दुपारी २ वाजता छायेतलं तापमान ३५. चार पेट्यांच्या दारावर माश्यांची दाढी लोंबते आहे. एका पेटीपुढच्या फळीवर वीस-पंचवीस पांढऱ्या अळ्या पडल्यात. एका पेटीत राणी दिसली, पण ताजी अंडी ट्रेपासून लांबच्या दोन चौकटींवरच आहेत.

ट्रे काढावेत का? आणि राणीचं काय होईल?

---

ओवा_आणि_मध | २८ सप्टेंबर, रात्री ९.५०

आज रात्री घाईने काही करू नका. सांगताय ती तिन्ही लक्षणं थायमॉलचीच आहेत. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

थायमॉल काम करतो तो वाफेने. जेलला माइट शिवत नाही, वाफ त्याच्यापर्यंत जाते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ट्रे चौकटींच्या वर ठेवायचा, तळपाटावर नाही. दुसरा मार्ग माश्यांचाच. जेल त्यांना कचरा वाटतो. सफाईवाल्या कामकरी तो कुरतडून बाहेर नेतात आणि जाता जाता घरभर माखतात. त्यामुळे भरलेल्या पेटीत ट्रे भराभर रिकामा होतो आणि अशक्त पेटीत तसाच पडून राहतो.

हा पदार्थ माइटच्या मज्जासंस्थेवर चालतो. माशीलाही मज्जासंस्था आहे आणि तिच्यावरही तो चालतोच. माशी आकाराने मोठी म्हणून निभावते, एवढाच फरक. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे बोटभर आहे आणि ते ग्रॅमने ठरत नाही, दुपारच्या उन्हाने ठरतं. २२ अंशांना ५० ग्रॅम जेल जेवढी वाफ दिवसभरात सोडेल, त्याच्या कितीतरी पट ती ३५ अंशांना सोडतं. वर पत्र्याचं झाकण उन्हात तापत असेल तर ट्रेजवळ ३५ पेक्षा जास्तच असणार.

आता लक्षणं:

दाढी. पहिले दोन-तीन दिवस दुपारी लोंबते आणि सूर्य मावळल्यावर आत जाते, तर ठीक. रात्री ११ लाही तेवढीच बाहेर असेल तर मात्रा जास्त झाली.

अळ्या. हातात घेऊन बघा. मऊ, वळलेल्या, ओलसर असतील तर माश्यांनीच काढल्यात. ट्रेखालच्या पट्ट्यातली अंडी आणि कोवळ्या अळ्या त्या उचलतात. खडूसारख्या कडक, वाजणाऱ्या असतील तर तो खडूरोग, त्याचा थायमॉलशी संबंध नाही. जांभळ्या डोळ्यांचे कोश अर्धवट कुरतडून टाकलेले दिसले तर माश्या माइट असलेली घरं (पोळ्यातले पिल्लांचे कप्पे) उघडताहेत. ते चांगलंच आहे.

राणी. अंडी घालणं कमी होतं, काही पेट्यांत आठवडाभर जवळजवळ थांबतं. वाफ ओसरली की पुन्हा चालू होतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीही कुठेच अंडी नसतील तरच राणीची काळजी करा.

---

मुरारची_पेटी | २८ सप्टेंबर, रात्री १०.२१

माझं मत वेगळं आहे. ३५ ला अख्खा ट्रे म्हणजे चूकच. उद्या काढा आणि दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करा.

---

ओवा_आणि_मध | २८ सप्टेंबर, रात्री १०.४०

मुरारची_पेटी, पूर्ण काढण्याची गरज नाही, अर्धा करा. पातळ चमच्याने निम्मं जेल काढून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचं. ट्रेचं फॉइल जपून ठेवलं असेल तर तेच अर्ध्या भागावर परत दाबून बसवलं तरी पृष्ठभाग निम्मा होतो. काम संध्याकाळी ६ नंतर. भर दुपारी थायमॉलच्या वासाची पेटी उघडी ठेवणं म्हणजे शेजारच्या पेट्यांना जेवायला बोलावणं.

---

चंबळकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ११.०५

लूट (एका पेटीच्या माश्यांनी दुसरीतला मध पळवणं) हा मुद्दा वेगळा लिहायला हवा. आमच्या पट्ट्यात थायमॉलने जेवढ्या पेट्या मरत नाहीत तेवढ्या थायमॉलमुळे लुटल्या जातात.

पहारेकरी माशी घरची कोण नि परकी कोण हे वासावरून ओळखते. थायमॉल तो वास झाकून टाकतो. सगळ्या पेट्यांत एकाच दिवशी ठेवला तर सगळ्यांचा वास एकच, म्हणजे ओळख संपलीच. आणि सगळ्यांत एकदम ठेवावाच लागतो. निम्म्यांत ठेवला तर उरलेल्या निम्म्यांतून भरकटलेल्या आणि लुटारू माश्यांच्या पाठीवर माइट परत येतात.

इथे पेच असा की वाफेसाठी दार मोठं हवं आणि लुटीसाठी लहान. बाहेर काय फुललंय ते बघून ठरवायचं. बाजरीचा पराग संपून तूर आणि बोर अजून धड सुरू नाही, अशा मधल्या दहा-बारा दिवसांत थायमॉल ठेवूच नये. ठेवलाच असेल तर निम्मी मात्रा, दार ८ ते १० सेंटिमीटर, पेट्यांवर सावली. तूर चांगली फुलली की अख्खं दार उघडं ठेवा, कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही.

साखरेचा पाक त्या काळात देऊ नका. एक तर वासाने लूट भडकते. दुसरं, थायमॉल असताना माश्या पाक कमी उचलतात आणि जो उचलतात त्यात वास उतरतो. खाऊ घालायचं असेल तर आधीच्या आठवड्यात.

---

लश्करकर | २९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

रात्री ११ ला जाऊन पाहिलं. तीन पेट्यांची दाढी आत गेली, एकीची तशीच आहे. ती सहा चौकटींची. अळ्या मऊ आहेत. आज संध्याकाळी सगळीकडे निम्मं करतो.

मग पुढचा हिशेब कसा? पाकिटावर १४ दिवसांनी दुसरा ट्रे असं लिहिलंय.

---

ओवा_आणि_मध | २९ सप्टेंबर, सकाळी ८.१५

५० ग्रॅम जेलमध्ये २५ टक्के, म्हणजे १२.५ ग्रॅम थायमॉल. दोन ट्रेंचे २५ ग्रॅम. तेच २५ ग्रॅम चार हप्त्यांत द्या: दर ७-८ दिवसांनी २५ ग्रॅम जेल, चार वेळा. एकूण मात्रा तीच राहते, एका दुपारी सुटणारी वाफ निम्मी होते. सहा चौकटींच्या त्या पेटीत पहिला हप्ता १५ ग्रॅमचाच ठेवा.

हे सगळं चार आठवडे कशासाठी, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. थायमॉलची वाफ बंद घरात शिरत नाही. कामकरी माशीचं घर मेणाने बंद झाल्यावर १२ दिवस बंद राहतं, नराचं १४-१५ दिवस. माइटची मादी घर बंद होण्याच्या जरा आधी आत शिरते. तिथे पहिलं अंडं नराचं, मग साधारण ३० तासांच्या अंतराने माद्यांची. पिल्लावळ असलेल्या पेटीत कोणत्याही वेळी माश्यांवर फिरणारे माइट एक तृतीयांशाच्या आसपास धरा, बाकी घरांत.

तुमचंच उदाहरण घ्या. ३०० माश्यांमागे १० म्हणजे ३.३ टक्के. सात चौकटी, दर चौकटीला ढोबळ २००० माश्या, म्हणजे १४,०००. त्यांच्यावर ४६० माइट. घरांत त्याच्या दुप्पट, ९००च्या पुढे. पहिल्या तीन दिवसांत तळपाटावर दीड-दोनशे माइट पडलेले पाहून ‘झालं काम’ म्हणत लोक ट्रे काढतात. पुढच्या १२ दिवसांत ते ९०० बाहेर येतात आणि तेव्हा पेटीत वाफ नसते.

आणि वर मोकळी जागा ठेवली आहे का? ट्रेच्या तोंडावर किमान अर्धा सेंटिमीटर हवाच. आपल्याकडच्या पेटीत आतलं झाकण चौकटींवर इतकं टेकून बसतं की ट्रे दाबला जातो. २-३ सेंटिमीटर उंचीची लाकडी चौकट मध्ये बसवा. गोणपाट चौकटींवर पसरलं असेल तर काढा, नाहीतर सगळा थायमॉल तेच शोषून घेतं.

---

लश्करकर | २९ सप्टेंबर, सकाळी ९.०२

गोणपाट होतं! आज काढतो.

---

दौलतगंज_पंसारी | २९ सप्टेंबर, दुपारी १२.४४

ट्रे महाग पडतात. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलच ना? किलोने मिळतं. ते कापडात बांधून का नको? आणि घरात अमृतधारा असते, ती चालेल का?

---

निखारा | २९ सप्टेंबर, दुपारी २.१०

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, बरोबर. अमृतधारा मात्र नको. तिच्यात ओव्याच्या फुलाबरोबर पुदिन्याचं फूल आणि कापूर असतो. तिन्ही कोरडे खडे एकत्र केले की आपोआप पाणी होतात, हे सगळ्यांनी घरी पाहिलेलंच आहे. ते पाणी पेटीत एकदम उडतं, हळूहळू सुटत नाही. माश्यांवर सांडलं तर त्या जागीच मरतात. एपिलाइफ वार नावाच्या वड्यांत थायमॉलबरोबर निलगिरीचं तेल, मेंथॉल आणि कापूर असतात हे खरं, पण तिथे थायमॉल ७४ टक्के आहे आणि सगळं वडीत मुरवलेलं असतं. त्यावरून अमृतधारेला परवाना मिळत नाही.

सुटं ओवाफूल घेतलं तर आधी तपासा. मेंथॉल मिसळलेलं असू शकतं. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत चिमूटभर खडे टाका, बाटली पाण्याच्या वाटीत उभी करा, वाटीत थर्मामीटर ठेवा आणि पाणी हळूहळू तापवा. मेंथॉल ४१ ते ४४ अंशांत वितळतं. शुद्ध थायमॉल ४९-५१ पर्यंत घट्ट राहतो. ४५ लाच खडे ओले दिसू लागले तर माल परत करा.

कापडातली पुरचुंडी चालते, पण बेभरवशाची. खडे लहान असतील तर पहिल्या दोन दुपारींत निम्मे उडतात. मोठे असतील तर महिनाभर बसून राहतात. चौकटींवर नुसती पूड भुरभुरणं सगळ्यात वाईट: खाली माश्यांच्या अंगावर आणि उघड्या अळ्यांवर पडते, आणि उरलेली माश्या दोन दिवसांत बाहेर टाकतात.

त्यापेक्षा वड्या करा. १२ पेट्यांच्या एका हप्त्यासाठी:

थायमॉल ७२ ग्रॅम, आयसोप्रोपिल अल्कोहोल ७२ मिली. काचेच्या बाटलीत घालून हलवलं की पाच मिनिटांत विरघळतो. पाण्यात हा प्रयोग करू नका, लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमभर विरघळतो. फुलवाल्याकडचा हिरवा फोम कोरडा घ्या आणि ५ x ४ सेंटिमीटरचे, पाऊण सेंटिमीटर जाडीचे १२ तुकडे कापा. प्रत्येकावर सिरिंजने १२ मिली द्रावण. सावलीत, वाऱ्यावर तासभर वाळवा. अल्कोहोल उडतं, थायमॉल आत राहतो, दर तुकड्यात साधारण ६ ग्रॅम. मग प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करून बारीक जाळीत गुंडाळा. जाळी नसली तर माश्या फोम कुरतडून हिरवा भुगा दारात आणून टाकतात. दोन भाग पिल्लांच्या चौकटींच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, चौकटींच्या माथ्यावर. मधोमध नको. मध्ये ठेवलं की बरोबर राणीच्या जागेवर वाफ उतरते. ८ दिवसांनी बदला, तीन हप्ते करा, पेटी जड असेल तर चौथा.

नायट्राइलचे हातमोजे घाला, थायमॉल कातडी भाजतो. डोळ्याला लागलेला हात तर विसरता येत नाही. द्रावण करताना जवळ पेटलेलं धुराडं नको, अल्कोहोल आहे. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा हवा. ‘चमचाभर’ हे या कामात माप नाही.

---

मुरारची_पेटी | २९ सप्टेंबर, दुपारी ३.३०

घरगुती वडीतून वाफ किती सुटते ते कोणी मोजलेलं नसतं. नव्या माणसाने ट्रेच घ्यावा असं माझं मत. पैसे वाचवायचे तर सावलीचं छप्पर आधी करा.

---

निखारा | २९ सप्टेंबर, दुपारी ३.५२

मोजता येते. वडी ठेवताना आणि काढताना वजन करा. आठ दिवसांत ६ पैकी ४ ते ५ ग्रॅम गेले तर बरोबर. चौथ्या दिवशीच कोरडी ठणठणीत झाली तर उन्हाळा जास्त, पुढची वडी ४ ग्रॅमची करा. ३ ग्रॅमपेक्षा कमी गेले तर थंडी आली. जाळीवर माश्यांनी प्रोपोलिस (झाडांच्या चिकापासूनचा त्यांचा डिंक) थापला असेल तर वजन फसवेल, तेवढं खरवडून मग काट्यावर ठेवा.

सावलीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

---

वाटाड्या_भिंड | २९ सप्टेंबर, रात्री ८.१८

आमच्याकडे पेट्यांत जो माइट दिसतो तो लांबट आहे आणि पोळ्यावर धावत सुटतो. थायमॉल दोन हप्ते दिला, फरक नाही. माल खराब होता का?

---

चंबळकाठ | २९ सप्टेंबर, रात्री ८.४७

माल चांगला असेल, माइट दुसरा आहे. व्हरोआ खेकड्यासारखा आडवा: रुंदी १.६ मिलिमीटर, लांबी १.१, तांबूस-तपकिरी, माशीच्या पोटाखाली चिकटून बसणारा. तुम्ही सांगताय तो ट्रोपिलिलॅप्स. साधारण १ मिलिमीटर लांब, रुंदीला जवळजवळ निम्मा, आणि धावरा. मूळचा तो आग्या माशीवरचा.

त्याच्यावर थायमॉल पडतो कमी, कारण तो माशीच्या अंगावर फार थांबतच नाही. मोठ्या माशीचं कातडं त्याला भेदता येत नाही, म्हणून एक-दोन दिवसांत त्याला पुन्हा अळीचं घर लागतं. बहुतेक वेळ तो बंद घरात, जिथे वाफ जात नाही. त्याला मोडायचं तर पिल्लावळ तोडायची. राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा किंवा बंद पिल्लांच्या चौकटी काढून वेगळ्या करा. चौकटी हलक्या हाताने झटकून गंधकाची पूड लावायची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे, पण ती मोजून आणि उघड्या अळ्या टाळून. फॉर्मिक आम्ल बंद घरात शिरतं, ते दोन्ही माइटवर चालतं. पण उन्हात तेही थायमॉलइतकंच लहरी. दोन्ही एकदम कधीच नाही.

धुऊन मोजण्याची पद्धत ट्रोपिलिलॅप्सला कमी दाखवते, त्याच कारणाने. नरांची आणि कामकरींची शंभर बंद घरं चिमट्याने उघडून बघा.

---

सातेरीप्रेमी | ३० सप्टेंबर, सकाळी १०.१५

बडोद्याहून विचारतो आहे, आमच्याकडे सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) आठ पेट्या आहेत. हेच प्रमाण निम्मं करून वापरावं का?

---

ओवा_आणि_मध | ३० सप्टेंबर, सकाळी १०.४०

काहीच वापरू नका. व्हरोआ मूळचा सातेरीच्याच घरचा. त्यांचं जुनं शेजारपण आहे. सातेरीत तो वाढतो मुख्यतः नरांच्या घरांत. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचा माइट चावून काढतात आणि बिघडलेलं घर साफ करतात. मेलिफेराला ही सवय फारशी नाही, म्हणून सगळा घोळ. आपण ज्याला पूर्वी जॅकोबसोनी म्हणायचो तो खरा वेगळा. मेलिफेराला मारणाऱ्याला डिस्ट्रक्टर हे नाव अँडरसन आणि ट्रुमन यांनी २००० साली दिलं. म्हणून जुन्या मराठी पुस्तिकांत जॅकोबसोनीच छापलेलं दिसतं.

वर सातेरी चिडली की राहत नाही. मेलिफेरा दाढी लोंबवून तक्रार करते. सातेरी पेटी सोडून जाते, आणि थायमॉलसारखा वास तिला पुरेसं कारण आहे.

---

लश्करकर | ६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

निम्मी मात्रा, गोणपाट काढलं, मध्ये अडीच सेंटिमीटरची चौकट, पेट्यांवर कडब्याचं छप्पर. दाढी तिसऱ्या दिवसानंतर दुपारचे दोन तासच. तळपाटावर व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद सरकवला आहे. रोजचे आकडे एका पेटीचे: ६४, ७१, ३८, २२, १९, २४, ३१.

शेवटचे दोन दिवस आकडा परत चढतोय. मात्रा संपली का?

---

निखारा | ६ ऑक्टोबर, रात्री ८.५५

नाही, घरं उघडू लागली. बंद घरांतून नव्या माश्यांबरोबर बाहेर आलेले माइट आता वाफेत सापडताहेत. पडलेल्यांत फिकट, पिवळट-पांढरे माइट दिसतात का बघा. ती अपुरी वाढ झालेली पिल्लं, माशी बाहेर पडताना घरातून खाली येतात. तळपाटाचा आकडा हा वाफेचा ताप बघण्यासाठी, पेटीचा निकाल सांगण्यासाठी नाही. निकाल धुऊनच कळतो.

जाळीचं तळपाट असेल तर कागद सरकवलेला राहू द्या, उघडी जाळी ठेवू नका. जड वाफ खालून निघून जाते.

---

चाकांवरचा_मध | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

आमच्या ९० पेट्या २० तारखेला भरतपूरकडे हलवायच्या आहेत. ट्रे आत ठेवून गाडीत चढवल्या तर?

---

चंबळकाठ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

नका. दार जाळीने बंद, चहूबाजूंनी पेट्या चिकटून, आत हजारो माश्यांची घुसमटलेली ऊब. एरवी माश्या पंखांनी वाफ दाराबाहेर काढतात, गाडीत ते शक्य नाही. ट्रे कमीत कमी दोन रात्री आधी काढा, हवाबंद डब्यात ठेवा, नव्या जागी पोचल्यावर माश्या दिशा ओळखून दोन दिवस स्थिर झाल्या की परत ठेवा. मधल्या खंडाचे दिवस शेवटी वाढवा. डब्यातलं जेल गाडीच्या केबिनमध्ये नको, चालकाचे डोळे चुरचुरतील.

---

मुरारची_पेटी | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

वेळापत्रकाबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्या पट्ट्यात पीक म्हणजे सरसों, डिसेंबर-जानेवारी. त्या फुलोऱ्यात बाहेर उडणारी माशी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या अंड्यातून येते: २१ दिवस घरात, मग जवळजवळ तीन आठवडे आतली कामं. ती अळी असताना पेटी माइटने भरलेली असेल तर माशी कमी वजनाची, पंख वाकडे, आयुष्य तोकडं. म्हणून चार आठवड्यांचा थायमॉल नोव्हेंबर लागायच्या आत संपायला हवा. ग्वाल्हेरला सप्टेंबरअखेर दुपारी ३३-३५, ऑक्टोबरअखेर ३०-३१, रात्री १६-१७ वर येतात. ही खिडकी तेवढीच. दिवाळीनंतर सुरू केला तर नोव्हेंबरअखेरीस रात्र १०-११ वर जाते, १५ च्या खाली जेल नुसतं बसून राहतं.

दुसरी खिडकी सरसोंचा शेवटचा मध काढल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. पण ज्यांना पुढे धन्यावर किंवा बरसीमवर जायचंय त्यांनी मधकक्ष कधी चढवायचा ते आधी ठरवावं. एप्रिलला ४० लागतात, तेव्हा थायमॉलचं नावही नको.

---

दौलतगंज_पंसारी | ७ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मधाला वास लागतो म्हणतात, तो किती?

---

ओवा_आणि_मध | ७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

किलोमागे साधारण १.१ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की जिभेला कळतो. तेवढं विषारी नाही, पण सरसोंच्या मधाला ओव्याची चव आली तर गिऱ्हाईक परत देईल. म्हणून थायमॉल असताना मधकक्ष नाही, शेवटचा ट्रे काढल्यावर दोन आठवडे तरी नाही. त्या काळात शिशुकक्षात साठलेला तुरीचा-बोराचा मध माश्यांचा, तो यंत्रात घालायचा नाही. मेणातही थायमॉल मुरतो, पण तो उडणारा आहे. चौकटी वाऱ्यावर ठेवल्या की बराच निघून जातो. फ्लुव्हॅलिनेट या माइटनाशकाच्या पट्ट्यांसारखा वर्षानुवर्षं मेणात बसत नाही. शिवाय त्या पट्ट्यांना माइट जुमानेनासे झालेत, हे आणखी एक कारण.

---

लश्करकर | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

चार हप्ते २६ ऑक्टोबरला संपले. काल धुऊन मोजलं: नऊ पेट्यांत ३०० माश्यांमागे ० ते २, दोन पेट्यांत ३, एकीत ७. ती सातवाली सहा चौकटींचीच. तिच्या ट्रेमध्ये अजून जेल शिल्लक आहे. राण्या बाराही आहेत, अंडी भरपूर.

सातवाल्या पेटीत आणखी एक ट्रे ठेवू का?

---

निखारा | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

नको. माश्या कमी, त्यांनी जेल उचललंच नाही, आणि आता रात्री गार. नवा ट्रेही तसाच पडेल. राणीला आजपासून २१ दिवस पिंजऱ्यात ठेवा. तेवढ्यात आत्ताची सगळी पिल्लं, नरांची मोठी घरं धरून, जवळजवळ संपतात. एखादं नराचं बंद घर उरलंच तर चिमट्याने उघडून काढा. मग २९-३० तारखेच्या संध्याकाळी माश्या बसलेल्या प्रत्येक दोन चौकटींच्या फटीत ऑक्झॅलिक आम्लाचा पाक ५ मिली, सिरिंजने, एकदाच. दुसऱ्या दिवशी राणी सोडा. ही पेटी यंदा सरसोंच्या हिशेबात धरू नका, फेब्रुवारीत भरेल.

उरलेलं जेल दुसऱ्या पेटीत सरकवू नका, त्यावर माश्यांचा मळ आणि प्रोपोलिस असतो. नव्या बरणीतलं मात्र फेब्रुवारीपर्यंत टिकतं. झाकणाला आतून प्लास्टिक लावा आणि बरणी रिकाम्या चौकटींच्या खोलीत ठेवू नका.

---

लश्करकर | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.३२

बरणी तिथेच होती. हलवली.